गोल्फ रिसॉर्टमधलं सुट्टीचं घर: देखभाल आणि अर्धवट राहिलेली कामं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

किल्ल्या हातात आल्या, सामान लागलं आणि पहिल्याच मुक्कामात कळलं की बाल्कनीचं दार नीट लागत नाही. क्लबहाऊसच्या जागेभोवती अजून पत्रे उभे आहेत. मेंटेनन्सचं बिल मात्र वेळेवर आलं. अशा घरांचे मालक एकमेकांना भेटले की जे प्रश्न निघतात, ते इथे घेतले आहेत. मालक समितीत काम करताना हेच प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा आले, आणि काहींची उत्तरं मला स्वतःचं नुकसान सोसून मिळाली.

अर्धवट काम आणि देखभाल यांत फरक कसा करायचा?

जे करारात कबूल केलं होतं आणि अजून झालंच नाही, किंवा झालं पण सदोष झालं, ते अर्धवट काम. त्याचा खर्च बिल्डरचा. जे नीट झालं होतं आणि वापराने, ऊन-पावसाने झिजलं, ती देखभाल. तिचा खर्च मालकांचा. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी हा फरक आहे, कारण पैसे हातचे जातात ते इथेच. बागेतले दिवे बसवलेच नव्हते, ते मेंटेनन्सच्या पैशांतून बसले आणि वर्षाच्या हिशेबात ‘विद्युत दुरुस्ती’ म्हणून दिसले, हे मी स्वतः पाहिलं आहे. आम्ही तो हिशेब मंजूर केला होता. मंजूर केलेला खर्च नंतर बिल्डरकडे मागणं फार अवघड जातं. म्हणून हिशेबात पहिल्या दिवसापासून दोन खाती ठेवा, आणि प्रत्येक बिलावर ते कोणत्या खात्याचं आहे हे लिहून घ्या.

ताबा घेताना काय काय तपासू?

घाई करू नका आणि दिवसाउजेडी जा. सोबत बादली, टॉर्च, पातळी पट्टी, फोनचा चार्जर आणि एक लाकडी दांडकं न्या.

दांडक्याने प्रत्येक टाइलवर हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही, ती टाइल पुढे उखडणार. बाथरूम आणि गच्चीची परीक्षा फक्त पाण्याने होते. निचऱ्याचं तोंड बंद करून २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवायला सांगा, मग खालच्या मजल्याचं छत बघा. साठवलेलं पाणी सोडल्यावर डबकी कुठे उरतात तेही बघा, म्हणजे उतार बरोबर आहे का ते कळेल. सगळे नळ एकदम सोडा आणि सगळे फ्लश एकापाठोपाठ ओढा. नळ्यांत सिमेंट आणि राडारोडा अडकलेला असेल तर तो याच वेळी कळतो, नाहीतर पहिले पाहुणे आल्यावर कळतो.

चार्जर प्रत्येक प्लगमध्ये लावून बघा. डीबीमधल्या (विजेच्या मुख्य पेटीतल्या) आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, चाचणीचं बटण असतं, ते दाबल्यावर वीज तुटलीच पाहिजे. खिडक्या-दारं दोन-तीनदा उघडझाप करा. एसीचं पाणी कुठे सोडलंय ते शोधा. हे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर ओघळत असलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता मी आधी तिकडेच बघतो.

जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि खोलीवार यादी करा. ‘काम नीट नाही’ असं मोघम लिहू नका. ‘मोठी बेडरूम, पूर्वेची खिडकी, खालची पट्टी वाकलेली, कडी बसत नाही’ असं लिहा. यादीवर बिल्डरच्या माणसाची सही आणि तारीख घ्या.

यादी न करताच ताबा घेतला. आता उशीर झाला का?

नाही. दिसणारे दोष, म्हणजे ओरखडा, तुटलेली टाइल, रंगाचे डाग, यांवर ‘हे तुमच्या वापराने झालं’ असा वाद होईल. आतले दोष मात्र मुळात नंतरच दिसतात. गळती पहिल्या पावसात दिसते, ओल काही महिन्यांनी. आज यादी करा, आजची तारीख टाका आणि पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. फोनवरच्या आश्वासनाचा काही उपयोग नाही. बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ असा एक ईमेल टाका.

दोषांची जबाबदारी बिल्डरवर किती काळ राहते?

ते घर ज्या देशात आहे तिथल्या कायद्यावर आणि तुमच्या करारावर ठरतं. भारतात २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्पेनमध्ये १९९९ च्या कायद्याने तीन पायऱ्या केल्या आहेत: फिनिशिंगच्या कामांना १ वर्ष, राहण्यायोग्यतेवर परिणाम करणाऱ्या दोषांना ३ वर्षं आणि इमारतीच्या मजबुतीला १० वर्षं. फ्रान्समध्ये १, २ आणि १० वर्षं अशा पायऱ्या आहेत. म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी कॅलेंडरवर खूण करा आणि त्या वेळी घराची पुन्हा एक पूर्ण तपासणी करून घ्या. सगळ्या मालकांनी मिळून एक स्वतंत्र इंजिनिअर बोलावला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार खर्च येत नाही.

भिंतीला भेगा पडल्यात. घाबरायचं का?

बहुतेक वेळा नाही. प्लास्टर वाळताना आक्रसतं आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या भरून रंग दिला की काम संपतं. लक्ष द्यायचं ते दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या भेगांकडे, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणाऱ्या भेगांकडे आणि भिंतीच्या आतबाहेर दोन्हीकडे दिसणाऱ्या भेगांकडे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, मधली रुंदी मोजून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी ती खुणांच्या पुढे गेली असेल तर इंजिनिअरला दाखवा.

गोल्फ रिसॉर्टमध्ये ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते. कोर्स घडवताना मातीचे प्रचंड ढीग इकडचे तिकडे होतात. उंचवटे आणि तळी मुद्दाम तयार केली जातात. काही घरं मूळच्या घट्ट जमिनीवर उभी राहतात, काही भरावावर. भराव थरांथरांनी दाबलेला नसेल तर तो पुढची काही वर्षं बसत राहतो, आणि एकाच घराचा एक कोपरा खचतो. तुमचं घर भरावावर आहे का, हे माती परीक्षणाच्या अहवालावरून आणि मूळ जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून कळतं. तो अहवाल मागा.

मी तर गोल्फ खेळत नाही. कोर्सचा खर्च माझ्या मेंटेनन्समध्ये का?

आधी करार वाचून तो खरंच आहे का ते बघा. काही ठिकाणी कोर्स ही वेगळ्या कंपनीची मालमत्ता असते आणि तिचा खर्च खेळणाऱ्यांच्या फीमधून निघतो. काही ठिकाणी मालकांच्या वर्गणीतला ठरावीक भाग तिकडे जातो. आणि काही ठिकाणी कोर्सच्या कडेची झाडं, रस्ते, कुंपण सामायिक म्हणून दाखवून कोर्सचाच खर्च मालकांवर येतो. हा तिसरा प्रकार वादाचा. अंदाजपत्रकात ‘लँडस्केपिंग’ असा एकच मोठा आकडा असेल तर तो फोडून मागा.

खर्च का येतो हे समजून घेणंही बरं. १८ होलच्या कोर्सला ढोबळमानाने ४० ते ६० हेक्टर जमीन लागते. उष्ण हवामानात फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या मुख्य हिरव्या पट्ट्यावर, बहुधा बर्म्युडा गवत असतं. म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचीच जात. हरळी चिवट असते, पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत भागावर, तिला साधारण ३ मिलिमीटर उंचीवर कापायचं असतं, हंगामात जवळजवळ रोज. ग्रीनखाली फक्त माती नसते. प्रचलित पद्धतीत निचऱ्याच्या नळ्या, त्यावर १० सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित थर असतो. वाळू पाणी धरत नाही, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला तर ग्रीन काही दिवसांत करपतं. फेअरवे बरेच दिवस तग धरतो. म्हणून पैशांची चणचण असलेल्या रिसॉर्टमध्ये आधी रफ (कडेचं उंच गवत) वाढतं, मग बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) कडा ढासळतात, आणि ग्रीन सगळ्यात शेवटपर्यंत जपलं जातं. फेरफटका मारताना हे बघत जा. कोर्सच्या तिजोरीची अवस्था गवतावरून कळते.

कोर्सच बंद पडला तर?

हा प्रश्न घर घेण्याआधी विचारायला हवा होता, पण बहुतेक जण नंतर विचारतात, मीही नंतरच विचारला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर स्पेनच्या मुर्सिया भागात गोल्फभोवती उभे राहणारे अनेक प्रकल्प अर्धवट राहिले. तिथल्या मालकांना तेव्हा कळलं की जाहिरातीत दाखवलेलं हिरवं दृश्य आणि दस्तऐवजात लिहिलेला हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदपत्रांत तीन गोष्टी शोधा. कोर्सची जमीन कोणाच्या नावावर आहे? ती कायम मोकळी किंवा खेळासाठीच राहील असं बंधन नोंदवलेलं आहे का, की उद्या तिथे इमारती उठू शकतात? आणि ती जमीन बँकेकडे गहाण आहे का? हे बंधन नोंदवलेलं असेल तर कोर्सची मालकी बदलली तरी तुमच्या घरासमोर भिंत उभी राहणार नाही. नसेल तर मालक समितीने मंजूर आराखड्यातला त्या जमिनीचा वापर बदलण्याच्या प्रत्येक अर्जावर नजर ठेवायला हवी, आणि हरकतीच्या मुदती पाळायला हव्यात.

न विकल्या गेलेल्या घरांचा मेंटेनन्स कोण भरतो?

तत्त्व सरळ आहे: घर ज्याच्या नावावर, वर्गणी त्याची. विकलं गेलं नाही तोवर ते बिल्डरचं. प्रत्यक्षात काही करारांत बिल्डरला सूट देणारं कलम गुपचूप बसवलेलं असतं, आणि मग साठ घरांचा खर्च चाळीस जण भरतात. वार्षिक हिशेबात थकबाकीदारांची यादी मागा. त्यात बिल्डरचं नाव किती घरांसाठी आहे ते बघा. व्यवस्थापन कंपनीही बिल्डरचीच असेल तर ती स्वतःच्या मालकाला वसुलीची नोटीस पाठवणार नाही. समिती हातात आल्यावर आधी ती कंपनी बदलण्याचा किंवा तिचा करार एका वर्षावर आणण्याचा विचार करा.

काम पूर्ण होईपर्यंत मेंटेनन्स भरायचा थांबवू का?

राग येतो, तरीही थांबवू नका. तुमचे पैसे थांबले की बिल्डरला काही होत नाही. सुरक्षारक्षकाचा पगार अडतो, पंप बंद पडतो आणि शेजारी तुमच्यावर चिडतात. पुढे बिल्डरविरुद्ध दाद मागायला गेलात की ‘हे स्वतःच थकबाकीदार आहेत’ हा पहिला मुद्दा येतो, आणि अनेक ठिकाणी थकबाकीदाराला सभेत मतही देता येत नाही. भरा, पण ‘हक्क राखून भरत आहे’ असं लेखी कळवून भरा, आणि ज्या रकमेवर वाद आहे ती नेमकी लिहा.

रस्ता अर्धवट, झाकणं वर आलेली, दिवे मध्येच जातात. हे असंच राहणार का?

रस्त्याचा शेवटचा डांबरी थर मुद्दाम शेवटी टाकतात, कारण बांधकामाच्या जड गाड्यांनी तो खराब होतो. म्हणूनच चेंबरची झाकणं रस्त्याच्या वर दिसतात. इथपर्यंत ठीक आहे. पण पुढचा टप्पा रद्द झाला तर ‘शेवट’ कधी येतच नाही. त्यासाठी बिल्डरकडून टप्प्याशी न जोडलेली तारीख लेखी घ्या.

दिव्यांमागचं कारण वेगळं असू शकतं. वसाहतीची वीज बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवर चालली आहे का, ते वीज कंपनीकडे विचारा. असेल तर भार वाढला की ती कोसळणारच, आणि बिल्डरने बिल थकवलं तर सगळ्यांची वीज जाईल. पाण्याचंही तसंच. कायमच्या जोडण्या हे अर्धवट कामांच्या यादीतलं पहिलं कलम असलं पाहिजे. कारंजं आणि कमान यांच्या आधी.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राची एक अडचण फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. ते पूर्ण वसाहत भरलेली धरून बांधलेलं असतं. निम्मी घरं रिकामी असली की सांडपाणी कमी येतं, त्यावर जगणारे जिवाणू टिकत नाहीत आणि केंद्राला वास मारू लागतो. कोर्सला पाणी याच केंद्रातून जात असेल तर तिकडेही तुटवडा होतो. यंत्रणा टप्प्याटप्प्याने चालवता येईल अशी मांडणी करणं हे बिल्डरचं काम आहे.

पोहण्याचा तलाव अजून सुरू झालेला नाही. तोवर रिकामा ठेवला तर चालेल?

तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामा तलाव खालून येणाऱ्या दाबाने उचलला जातो आणि त्याला तडे जातात. पाणी भरलेलं असेल तर त्याच्या वजनाने तो जागेवर राहतो. भरलेला ठेवायचा तर पाणी फिरतं ठेवा. पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राखा आणि कुंपणाचं दार कुलूपबंद ठेवा. लहान मुलं असलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

शेजारची इमारत नुसता सांगाडा होऊन उभी आहे. आम्ही काय करू शकतो?

तिथलं काम तुम्हाला करता येणार नाही, पण सुरक्षिततेची मागणी करता येते: कुंपण, लिफ्टच्या खड्ड्यांवर झाकणं, मोकळ्या जिन्यांना अडथळे. साचलेलं पाणी दर आठवड्याला काढायला लावा, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. उघड्या सळया गंजतात, फुगतात आणि भोवतीचं काँक्रीट फोडतात. त्यामुळे पुढे कोणी नवा बिल्डर ते काम हाती घेणार असेल तर आधी मजबुतीची तपासणी झाली पाहिजे, हे समितीने आजच लेखी नोंदवून ठेवावं.

घर महिनोन्‌महिने बंद असतं. परत आल्यावर घाण वास येतो, भिंतीला बुरशी असते. हा बांधकामाचा दोष का?

वास बहुधा ट्रॅपचा असतो. बेसिन, शॉवर, जमिनीवरची जाळी, या प्रत्येकाखाली थोडं पाणी अडून राहतं आणि तेच गटाराचा वायू आणि झुरळं रोखतं. घर बंद असलं की ते पाणी उडून जातं. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे खाद्यतेल टाका. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही.

बुरशी मात्र कोंडलेल्या हवेची किंवा आत येणाऱ्या पाण्याची, दोन्हींची असू शकते. कोपऱ्यात, कपाटामागे, सगळीकडे थोडी थोडी असेल तर कोंडलेल्या हवेची. एकाच ठिकाणी, खालून वर चढणारी आणि पांढरा खार फुटलेली असेल तर पाणी कुठूनतरी येत आहे. बाहेर जाऊन बघा, कोर्सचा स्प्रिंकलर भिंतीवर तर उडत नाही ना. आमच्याकडे एका घराचं वॉटरप्रूफिंग दोनदा करून झाल्यावर हे लक्षात आलं. स्प्रिंकलरचं तोंड फिरवल्यावर भिंत वाळली.

आल्यावर आधी खिडक्या उघडा आणि सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, लीजनेला हा जिवाणू वाढतो आणि तो तुषारांतून फुप्फुसात जातो. शॉवरचं तोंड काढून पाणी सोडा. गीझर ६० अंशांवर तापवा. निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका. विमा असेल तर त्यात ‘रिकामं घर’ हे कलम शोधा. अनेक पॉलिसींत ठरावीक दिवसांहून जास्त काळ, उदाहरणार्थ ३० किंवा ६० दिवस, घर सलग बंद असेल तर भरपाई कमी होते किंवा मिळत नाही.

चेंडू लागून काच फुटली. पैसे कोणाकडे मागायचे?

खेळणाऱ्याकडे, कोर्सकडे की स्वतःच्या विम्याकडे, हे करारावर आणि तिथल्या कायद्यावर आहे. काही करारांत हा धोका घरमालकाने पत्करला असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पण महिन्यातून चार चेंडू एकाच घरावर येत असतील तर ती आखणीतली चूक आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे फसलेले फटके बहुधा उजवीकडे वळतात, म्हणून टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) पाहताना उजव्या हाताला असलेल्या घरांना जास्त मार बसतो. प्रत्येक चेंडू तारखेसकट जपून ठेवा. जाळी, झाडांची रांग किंवा टीची जागा हलवणं, यांसाठी तोच पुरावा लागतो.

बिल्डर दिवाळखोरीत गेला. सगळं संपलं का?

आधी दावा नोंदवा. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दावा दाखल करायला मुदत असते आणि ती चुकवणाऱ्यांचे हाल होतात. भारतात दिवाळखोरी कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने घरखरेदीदारांना वित्तीय धनको, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांसारखे देणेकरी नव्हे तर घेणेकरी, मानलं गेलं. खरेदीदारांना स्वतः अशी प्रक्रिया सुरू करायची असेल तर किमान १०० जण किंवा त्याच प्रकल्पातले किमान १० टक्के खरेदीदार, यांतला कमी आकडा गाठावा लागतो. म्हणून घरमालकांची अद्ययावत यादी हवी. सुट्टीच्या घरांचे मालक दहा गावांत विखुरलेले असतात, ऐनवेळी ते सापडत नाहीत.

मग बँक हमी, कंत्राटदाराची रोखून ठेवलेली रक्कम, यंत्रांच्या वॉरंट्या असं काय काय उरलं आहे ते शोधा. कंत्राटदाराच्या बिलातून बहुधा ५ ते १० टक्के रक्कम दोष दुरुस्तीसाठी मागे ठेवलेली असते. त्यानंतरही पैसे कमी पडले तर मालकांनी वर्गणी काढून काम करावं लागतं. ते कडू आहे, पण क्रम ठरवला तर निभावतं: आधी पाणी, वीज, सांडपाणी, मग आग आणि पडझडीपासून सुरक्षितता, मग गळती. क्लबहाऊस सगळ्यात शेवटी. काम सुरू करण्यापूर्वी इंजिनिअरकडून आहे त्या स्थितीचा अहवाल घ्या आणि हा खर्च वेगळ्या खात्यात दाखवा, म्हणजे पुढे वसुलीचा दावा उभा राहतो.

सामायिक भाग समितीकडे सोपवायला बिल्डर निघालाय. सही करू?

कागद आणि चाचण्या हातात आल्याशिवाय नको. प्रत्यक्षात जसं बांधलं तसे नकाशे, जमिनीखालच्या नळ्या आणि केबलींचे मार्ग, पंपांची माहिती, वॉरंट्या, लिफ्ट आणि अग्निशमनाचे दाखले, पाणी उपशाचे आणि सांडपाण्याचे परवाने, सगळं मोजून घ्या. प्रत्येक पंप आणि जनरेटर तुमच्या माणसासमोर चालवून बघा. सोपवण्याच्या कागदावर ‘सर्व कामे समाधानकारक पूर्ण’ असं छापील वाक्य असतं. ते खोडा आणि उरलेल्या कामांची यादी त्याच कागदाला जोडा.

घर विकायचं आहे. अर्धवट कामांबद्दल खरेदीदाराला सांगू का?

सांगा, आणि कागदासकट सांगा. लपवलेली गळती पुढच्या पावसात दिसतेच, आणि तेव्हा दावा तुमच्यावर येतो. तारखा असलेल्या याद्या, फोटो, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार आणि दोन खात्यांचे हिशेब अशी फाइल खरेदीदाराच्या वकिलाकडे द्या. बिल्डरविरुद्धचा तुमचा दावा चालू असेल तर तो हक्क खरेदीदाराकडे जातो की तुमच्याकडे राहतो, हे विक्रीच्या करारात लिहून घ्या. आमच्या वसाहतीत एका घराची विक्री याच एका ओळीवरून तीन महिने अडकली होती.